हुंकारामागची कोकिळा

आमच्या ग्रुपवर अंगठा चालत नाही. कोणी काही सांगितलं की खाली पिवळा अंगठा चिकटवून मोकळं व्हायचं, ही सगळीकडची पद्धत आमच्याकडे बंद आहे. नियम कळंबच्या ताईंचा. ताईंचं तिथे लेडीज पार्लर आहे आणि आमच्यात सगळ्यात चांगला पिक्चर त्याच सांगतात. सुरुवातीला एकदा त्यांनी अर्धा पिक्चर सांगितला आणि आम्ही सगळ्यांनी मिळून खाली अंगठे लावले. लगेच त्यांचा आवाज आला.

"अंगठे कायले लावून राह्यले बापा? सही नाई येत काय कोणाले? मले हुंकार पायजे. माही मावशी गोष्ट सांगे न, कोणी हं नाई म्हटलं तर राजाले तसाच जंगलात उभा ठेवून झोपून जाये."

तेव्हापासून सांगणारा एक तुकडा बोलून थांबतो. कोणीतरी स्वतःच्या आवाजात "हं" म्हणून पाठवतं. मग पुढचा तुकडा. हुंकार आला नाही तर हिरो दरीच्या कडेला लटकलेलाच राहतो. एकदा आख्खा रविवार लटकलेला होता, कारण चाचांच्या गॅरेजवर गर्दी होती, मी सासुरवाडीला होतो आणि काटेवाल्यांचा फोन चार्ज नव्हता.

आम्ही चौघंच. ताई, पांढरकवड्याला हायवेवर गॅरेज असलेले चाचा, वणीजवळ कोळशाचे ट्रक मोजणाऱ्या वजनकाट्यावर बसणारे, म्हणून ज्यांना आम्ही काटेवाले म्हणतो ते, आणि यवतमाळचा मी. मी बँकेत पेन्शनच्या काउंटरवर बसतो, म्हणून मी 'साहेब'. चौघांपैकी कोणी कोणाला पाहिलेलं नव्हतं. ओळख झाली ती फोनवर एका जुन्या पिक्चरच्या व्हिडिओखाली. तो टाकणाऱ्याने शेवटचा भाग कापला होता आणि खाली भांडण पेटलं होतं. चाचांनी लिहिलं होतं की हिरो मरतो, कसम से. ताईंच्या मते तो साधू होतो. काटेवाल्यांनी लिहिलं होतं की त्यांनी हा पिक्चर जत्रेतल्या तंबूत पाहिला, शेवटी लाइट गेली, त्यामुळे वणी भागात त्याचा शेवट कोणालाच माहीत नाही. मला ते इतकं आवडलं की मीच ग्रुप काढला. दर रविवारी दुपारी एकाने पिक्चर सांगायचा. नाव सांगायचं नाही, बाकीच्यांनी फोनवर शोधायचं नाही, आणि विसरलेलं आपल्या मनाने भरायचं.

काटेवाल्यांचा हुंकार ही ग्रुपची खरी शान होती. त्यांच्या गालात कायम खर्रा, म्हणजे आमच्याकडचा सुपारी-तंबाखूचा घोटलेला ऐवज. त्यामुळे तोंड न उघडता सगळं नाकातून बोलायची त्यांना सवय होती. व्हिलन दारात आला की वेगळा हं, हिरॉईन खोटं बोलली की वेगळा. विनोदी जागेला ते "हं हं हं" असं हलायचे, आणि मागे ट्रकचा हॉर्न. ताई म्हणायच्या, "तुमाले देवानं हुंकारासाठीच पाठवलं जी. बाकी काम तं काटाच करते."

पोळ्याच्या सुमारास ते गायब झाले. बरेच रविवार गेले. मग त्यांनी चक्क टाइप करून लिहिलं, "गावी गेलतो, रेंज नव्हती." आम्ही खूश झालो. दिवाळीनंतर त्यांचा हुंकारही परत यायला लागला.

मला खटकलं ते तेव्हाच. ज्या माणसाला टाइप करायचा इतका कंटाळा होता की 'आलो' एवढं सांगायलाही तो आवाज पाठवायचा, तो आता सगळं टाइप करत होता. स्वतःची पाळी आली की "पुढच्या खेपेस" असं लिहायचा. आणि हुंकार? चाचांनी एक दाक्षिणात्य डब पिक्चर सांगितला, ज्यात हिरो एका हाताने चालता ट्रॅक्टर थांबवतो आणि दुसऱ्या हाताने चहा पितो. आम्ही हसून बेजार. काटेवाल्यांचा हुंकार मात्र लांब, दबका, कोणी अंधाऱ्या जिन्याखाली उभं असावं तसा आला. "हंऽऽ?"

दुसऱ्या दिवशी बँकेत जेवणाच्या सुट्टीत मी इअरफोन लावून तो पुन्हा ऐकला. मग आधीचा ऐकला. मग त्याच्या आधीचा. सगळे सारखे. सारखी लांबी, सारखा श्वास. आणि प्रत्येक हुंकाराच्या मागे, अगदी लांबून, कोकिळा.

बाहेर लोक स्वेटर घालून रांगेत उभे होते. थंडीत कोकिळा ओरडत नाही.

नोव्हेंबर हा आमच्या काउंटरवरचा हयातीच्या दाखल्यांचा महिना. पेन्शनवाले म्हातारे-म्हाताऱ्या येतात आणि आपण जिवंत आहोत हे दाखवून जातात. कापूस वेचून, भांडी घासून ज्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजल्या आहेत, त्यांना मशीन ओळखत नाही. माणूस माझ्यापुढे धापा टाकत बसलेला असतो आणि पडद्यावर येतं, जुळत नाही. अशा वेळी मी नाव विचारतो, गाव विचारतो, मयत नवऱ्याचं खातं विचारतो. शंका घेणं हे माझं काम आहे आणि ते मी नीट करतो, असा मला अभिमान होता. फसवणुकीपासून सावध राहा, हे फलक बँकेच्या भिंतीवर मीच चिकटवलेले आहेत.

तेव्हा मी तपासाला लागलो. काटेवाल्यांना फोन केला. कट झाला. व्हिडिओ कॉल लावला. तोही कट, आणि खाली अक्षरं उमटली, "काट्यावर गर्दी हाय." दुपारी, संध्याकाळी, केव्हाही लावा, काट्यावर गर्दीच. फोन चोरीला गेला असेल? कोणा नातेवाइकाच्या हाती लागला असेल? आवाजाची हुबेहूब नक्कल करणारी मशीन आली आहेत म्हणतात. एका हुंकारावरून आख्खा माणूस उभा करून कोणी आमच्यात बसलं असेल, आमच्या घरच्या गोष्टी ऐकत असेल? मी आठवू लागलो की ग्रुपवर आपण काय काय बोललो. बायकोची साखर, मुलीचं नागपूरचं कॉलेज.

एकदा शंकेची चटक लागली की ती एका जागी राहत नाही. ताईंच्या आवाजामागे इतक्या थंडीत पंखा का फिरतो, यावर मी दोन दिवस घालवले. शेवटी विचारलं तर म्हणाल्या, "पंखा नोहे जी, गिऱ्हाइकाचे केस वाळवून राह्यली." चाचांचीही पाळी येऊन गेली. आणि घरी माझ्यावरच कोणाचा तरी डोळा होता.

"कोणाचं हं हं ऐकत बसता तुमी दिवसभर?" बायकोने विचारलं.

"वणीच्या माणसाचं."

"माणसाचं? द्या इकडं इअरफोन." तिने ऐकलं, परत दिलं. "माणूसच हाय," ती म्हणाली, "पण तुमचा चेहरा चोरावानी काहून झाला?"

माझ्या पाळीच्या रविवारी मी सापळा लावला. पिक्चर सांगताना मुद्दाम चूक केली. हिरोच्या मोठ्या भावाला मध्यंतराआधी विहिरीत ढकलून मारला आणि शेवटी लग्नाच्या पंगतीत जेवायला बसवला. पूर्वीचे काटेवाले गोष्ट मोडून ओरडले असते. चाचा आणि ताई काही बोलले नाहीत, त्यांना वाटलं असेल मी विसरलो. काटेवाल्यांचा हुंकार आला. तोच. कोकिळेसकट. पकडलं, असं मी म्हणणार तेवढ्यात खाली अक्षरं आली.

"विहिरीतला भाऊ पंगतीत कसा साहेब? भूत होतं काय?"

म्हणजे तिकडे कोणीतरी होतं. ते ऐकत होतं, समजत होतं, हसतही होतं. फक्त आवाज त्याचा नव्हता.

थांबायला हवं होतं. दोन ओळी खासगीत लिहून विचारायला हवं होतं. मी तसं केलं नाही, कारण मला ग्रुपसमोर बरोबर ठरायचं होतं. मागे शोधून काढलेला, हीच कोकिळा असलेला उन्हाळ्यातला जुना हुंकार आणि त्या रविवारचा हुंकार, असे दोन्ही एकाखाली एक टाकले आणि माझ्या काउंटरच्या आवाजात बोललो. "दोन्ही ऐका. मागची कोकिळा ऐका. नोव्हेंबरात कोकिळा ओरडते का? हा फोन कोणाच्या हातात आहे, ते आम्हाला कळलं पाहिजे. खरे काटेवाले असाल तर आत्ता, आजचा वार स्वतःच्या तोंडाने बोलून पाठवा."

चाचा लगेच आले. "साब बराबर बोलते. शक मेरे को भी था. बोलो ना भाई, इतवार बोलो, खतम."

ताई थोड्या वेळाने बोलल्या. आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "साहेब, याची गरज होती काय?"

मला त्या भोळ्या वाटल्या. मी पडद्याकडे बघत राहिलो. काटेवाल्यांच्या नावापुढे 'टाइप करत आहे' आलं, गेलं, पुन्हा आलं, गेलं. मग ओळ उमटली, काटेवाल्यांनी ग्रुप सोडला.

"पकडलं," मी बायकोला म्हणालो.

संध्याकाळी चाचांचा फोन आला. ते आयुष्यात पहिल्यांदाच मला फोन करत होते. "साब, एक बात दिमाग में आई. हा नकली होता, ठीक. मग असली कुठं हाय? त्याचं काही बरं-वाईट तं नाई न झालं?"

मी लावून पाहिलं. नंबर बंद होता. एवढा तपास करणाऱ्या मला हा प्रश्न पडला नव्हता.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बँक बंद असते. मी वणीच्या एसटीत बसलो. बायकोला सांगितलं की वणीच्या शाखेत काम आहे. "सुट्टीच्या दिवशी शाखा उघडते काय तिथं?" एवढंच ती म्हणाली आणि डबा दिला.

जागा शोधायला वेळ लागला नाही. काटेवाल्यांनी आवाजातून ती कितीदा दाखवली होती. गावाबाहेरचा रस्ता, कोळशाने काळी पडलेली माती, समोर चहाची टपरी, आणि काट्याच्या केबिनमागे आंब्याचं झाड. झाडावर त्या दिवशी एक कावळा होता. केबिनच्या खिडकीत मफलर गुंडाळलेला एक माणूस ट्रकवाल्याला पावती देत होता. मी पुढे झालो.

"इथे आधी एक जण बसायचे," मी म्हणालो, "पिक्चर सांगायचे. ते आता कुठे असतात?"

माणसाचा हात पावतीवरच थांबला. त्याने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, बहुतेक तोंडाकडे. मी आणखी एक वाक्य बोलावं याची तो वाट पाहत होता असं मला वाटलं. मी म्हणालो, "मी यवतमाळहून आलोय."

त्याने फोन उचलला, भराभर काहीतरी टाइप केलं आणि खिडकीतून पडदा माझ्याकडे केला.

"साहेब. आवाजावरून वळखलं. आत या, चहा सांगतो."

आत गेल्यावर त्यांनी मफलर खाली केला. डाव्या बाजूचा जबडा नव्हता. मांडीचं कातडं काढून तिथे लावलं होतं, त्याचा रंग वेगळा होता. जीभही अर्धी काढली होती, घशातून आता नुसती घरघर यायची. ते मला दाखवत नव्हते, चहा प्यायचा म्हणून त्यांनी मफलर खाली केला होता. बशीत ओतून, मान एका बाजूला कलती करून, रुमाल लावून ते चहा पीत होते. मी माझ्या कपाकडे बघत बसलो. पोळ्यानंतर गावी गेलतो म्हणाले होते. ते गाव म्हणजे नागपूरचं हॉस्पिटल.

"सांगायचं होतं," मी म्हणालो. माझाच आवाज मला फार मोठा वाटत होता.

ते टाइप करायचे, मी वाचायचो. मध्येच ट्रक काट्यावर चढला की ते उठून वजन घ्यायचे आणि अर्धं वाक्य तसंच राहायचं.

"सांगितलं असतं तर तुमी काय केलं असतं?"

"विचारपूस केली असती."

"हो. विचारपूस केली असती. खर्ऱ्यावर भाषण झालं असतं. ताई रडल्या असत्या. चाचांनी दुवा मागितली असती. घरी तेच चालू हाय जी. मले पिक्चर ऐकायचा होता."

मग त्यांनी फोनमध्ये काहीतरी शोधलं आणि वाजवलं. पत्र्यावर दगड पडावेत तसा ट्रकचा आवाज, त्याखाली कुठेतरी हं. दुसरा वाजवला, हॉर्न आणि हं. आणखी एक, हमालाची शिवी आणि हं. उन्हाळ्यातले, त्याआधीचे. सगळे त्यांचेच, पण सगळे कशाखाली ना कशाखाली दबलेले. शेवटी तो वाजला. स्वच्छ, लांब. कोकिळा मागे.

"हाच एक साफ होता," त्यांनी लिहिलं. "समदे ऐकून निवडला. कोकिळेकडं ध्यान नाई गेलं."

मी काय बोललो ते आठवत नाही. माफी मागितली असणार. तिचा त्यांना काही उपयोग नव्हता. त्यांनी माझा हात दाबला, तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला आणि ते उठून गेले. परत आल्यावर त्यांनी एवढंच लिहिलं, "चाचाले, ताईले सांगू नका." मी विचारलं, ग्रुपवर परत याल का? "पाहू," त्यांनी लिहिलं. आज हे छापायला देतो आहे ते त्यांना वाचायला दिल्यावरच. नावं नकोत ही त्यांची अट, आणि चाचांना ते स्वतः कळवून मोकळे झाले आहेत. पण तेव्हा मी शब्द दिला होता.

परतीच्या एसटीत मला कळलं की मी कुठे अडकलो आहे. कारण न सांगता मला त्यांना खरं ठरवायचं होतं, आणि खोटं मीच ठरवलं होतं, पुराव्यासकट. रविवारी मी ग्रुपवर बोललो. "चूक माझी झाली. मी वणीला जाऊन आलो. काटेवाले आहेत, मी त्यांच्यासोबत चहा प्यालो. फोन त्यांच्याच हातात आहे, हुंकार त्यांचाच आहे."

"और कोयल?" चाचांनी विचारलं. "ठंड में?"

माझ्या नोकरीत मी खोट्या कागदावर कधी सही केलेली नाही. "ओरडते चाचा," मी म्हणालो. "केबिनमागे आंबा आहे. मी स्वतः ऐकली."

"कमाल है," चाचा म्हणाले. त्यांचा विश्वास बसलेला नव्हता, ते आवाजातच कळत होतं.

"ओरडत असंन बापा," ताई म्हणाल्या. "वणीत गरमी जादाच असते."

मी काटेवाल्यांना पुन्हा ग्रुपमध्ये घेतलं. ते आले. त्या रविवारी ताईंनी पिक्चर सांगितला, चाचांनी हुंकार दिले, मीही दिले. काटेवाल्यांकडून काही आलं नाही. पुढच्या रविवारीही नाही. ते ऐकत होते, निळ्या खुणा दिसत होत्या, पण गप्प होते. मी बरोबर ठरायला गेलो आणि एका माणसाचा उरलेला एकुलता एक आवाज बंद करून बसलो होतो.

त्या आठवड्यात ताईंच्या जुन्या गोष्टी मी पुन्हा ऐकल्या. या वेळी संशयाने नाही, निदान मला तसं वाटतं. दिवाळीच्या आधी ताई कुठेही थांबायच्या, गाण्याच्या मध्ये, हसण्याच्या मध्ये. दिवाळीनंतर मात्र प्रत्येक तुकडा एकाच जातीच्या जागी थांबत होता. दार आपोआप उघडलं, आत कोणी नाही. जिन्यावर पावलं वाजली. सासूने डबा उघडला आणि तिचा चेहरा उतरला. अगदी विनोदी पिक्चरमध्येही त्यांनी कुठून तरी एक बंद खोली आणली होती. प्रत्येक ठिकाणी पुढे तो लांब, दबका "हंऽऽ?" येत होता आणि प्रत्येक ठिकाणी चपखल बसत होता. चाचांच्या ट्रॅक्टरला आणि माझ्या पंगतीला तेवढा तो बसला नव्हता.

मी ताईंना फोन केला. "तुम्हाला माहीत होतं?"

"काय जी?"

"हुंकाराचं."

मागे केस वाळवायच्या यंत्राचा आवाज होता. तो बंद झाला. "साहेब," त्या म्हणाल्या, "माह्या इथं बाई येऊन बसते. तिचे केस काहून गळले, मी विचारत नाई. जेवढे हायेत तेवढ्यात चांगला भांग पाडून देते." मग गिऱ्हाईक थांबलंय म्हणून फोन ठेवला.

पुढचा रविवार माझा होता. मी विहिरीचाच पिक्चर पुन्हा घेतला. चाचा वैतागले, "वोच? अरे साब, वो तो हो गया." मी म्हणालो की मागच्या खेपेला चुकलं होतं, नीट सांगतो. भाऊ शेतातून येतो, ऊन डोक्यावर आहे, त्याला तहान लागली आहे. तो विहिरीच्या काठावर वाकतो. वारा नाही, झाडाचं पान हलत नाही. आणि खाली, पाण्यात, त्याच्या सावलीशेजारी आणखी एक सावली पडते.

तिथे मी थांबलो. बोट पडद्यावरून काढलं.

चाचा बोलले नाहीत. ताईही नाहीत. त्या मुद्दाम गप्प होत्या, ते मला आता कळत होतं. बायको शेजारी येऊन बसली आणि माझ्या हातातल्या फोनकडे बघू लागली. नळावर बादली भरत होती, ती भरून वाहू लागली तरी दोघांपैकी कोणी उठलं नाही.

"हंऽऽ?"

मागे कोकिळा ओरडली. मी पुढचा तुकडा सांगायला घेतला.